परिचारिका आजीचे स्मरण लिहिताना



आजीच्या स्मरणार्थ भक्तीत, म्हणजे निधनानंतर कुटुंब व मंडळी मिळून जी प्रार्थनासभा भरवतात तिच्यात, वाचावयाचे जीवनवृत्त लिहिण्याचे काम चिरंजीव नातीकडे आले आहे. अशा लेखनात ‘सेवामूर्ती’ आणि ‘त्यागमूर्ती’ हे शब्द सर्वांत आधी सुचतात. ते खोटे नसतात, परंतु परिचारिकेचे शिक्षण, तिचे कसब आणि तिने कमावलेला पगार त्यांच्या आड दिसेनासा होतो, म्हणून चिरंजीवीने ते जपून वापरावेत.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांत परिचारिकेची ही विद्या कोणत्या वाटेने आली, हे थोडक्यात सांगावे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. १८८९ साली भारतात आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी प्रथम सांगलीत काम केले व १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभारले, आणि १८९१ पासून रेल्वे धावत असल्याने कोल्हापूरकरांना मिरज दूर राहिले नव्हते. परक्या देहाचे रक्त व मलमूत्र हाताळण्याला विटाळ आणि रात्रपाळीला बदनामी चिकटलेली असल्यामुळे भारतात आरंभी या व्यवसायात ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन स्त्रियाच अधिक होत्या. मात्र शुश्रूषा ही कोणत्याही एका धर्माची मिरास नव्हे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी झटताना सावित्रीबाई फुले निवर्तल्या, हे त्याच परिच्छेदात एका वाक्याने तरी यावे.

खरा विस्तार हातांच्या कामाचा करावा. काचेच्या सिरिंजा उकळून निर्जंतुक करणे, गर्भवतीच्या पोटावर लाकडी नळी टेकवून बाळाचे ठोके मोजणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून देऊन शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, टाळणे, आणि पाळी संपताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक खाटेचा ‘रिपोर्ट’ देणे, ही त्या पिढीची नित्याची कामे होती. ती नीट झाली की काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याची आठवण कोणी ठेवत नाही. आजीच्या श्रद्धेचे वर्णनही याच कामांतून करावे, कारण तिची प्रार्थना आणि तिचा तापाचा तक्ता वेगळे काढता येणार नाहीत.

लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला सभेत बहुधा वाचला जाईलच. त्यात तेल व द्राक्षारस घालून जखमा बांधणे आहे, तसेच उतारशाळेच्या रखवालदाराला दिलेले दोन दीनार आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरून देण्याचे वचनही आहे; दयेबरोबर तेथे हिशोबही आहे, याकडे प्रवचनांत क्वचितच लक्ष वेधले जाते. आजीच्या पगारावर कोणाच्या फिया भरल्या गेल्या, हे चिरंजीवीने म्हणूनच संकोच न करता लिहावे.

माहितीसाठी घरच्यांवर विसंबू नये, कारण घरच्यांना आजी रात्रपाळीहून परतल्यावरचीच ठाऊक असते. तिच्याबरोबर वॉर्डात राबलेल्या आया आणि वॉर्डबॉय यांच्याकडे आधी जावे, आणि ट्रंकेतले तिचे नोंदणीपत्र त्यांना दाखवायला सोबत न्यावे.