थेंब पिवळे, पाणी हिरवं

धारवाडच्या मळमड्डीत, अंगणात पोहण्याचा हौद बांधायचा तर सिमेंटच्या आधी पाण्याचा हिशेब मांडावा. आमच्या नळाला मलप्रभेचं पाणी येतं. सौंदत्तीजवळच्या धरणातून निघून अम्मिनभावीला शुद्ध होऊन. पण धारवाडच्या कित्येक वस्त्यांनी वर्षानुवर्षं नळाची वाट आठवडा आठवडा पाहिली आहे. म्हणून घरोघरी जमिनीखाली पाण्याची टाकी, म्हणजे संप, आणि बाकी सगळ्याला बोअरचं जड पाणी.

धाकट्या भावानं नातवंडांसाठी मागच्या अंगणात हौद बांधला तो असाच, बोअरच्या भरवशावर. ५ मीटर लांब, ३ रुंद, सरासरी १.२ खोल, म्हणजे १८,००० लिटर. देखभाल एका ठेकेदाराकडे दिली. त्याचा माणूस आठवड्याला यायचा, तरंगत्या डब्यात टीसीसीएच्या पांढऱ्या गोळ्या घालायचा, नळीत हौदाचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचा, पिवळा रंग दाखवून ‘क्लोरीन बरोबर आहे, सर’ म्हणायचा आणि निघायचा. उन्हाळा चढला तसं पाणी हिरवं व्हायला लागलं. रंग मात्र तसाच पिवळाधमक. क्लोरीन भरपूर आहे, शेवाळच चिवट आहे, असं म्हणून त्यानं मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, ओतला. जड पाण्यात त्याचा निळसर साका बसला, सिमेंटवर डाग पडले आणि वहिनींच्या पांढऱ्या केसांवर हिरवी झाक आली. शेवाळ आठवड्याभरानं परत हजर.

माझी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे मी आधी गोळ्यांच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. टीसीसीए म्हणजे ट्रायक्लोर. त्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरतं. थोडं असलं तर ते उपकारकच, कारण ते नसेल तर आमच्या एप्रिलच्या उन्हात क्लोरीन दुपारपर्यंत टिकत नाही. पण क्लोरीन खर्च होतो, उडतो. हे आम्ल मागे राहतं. बाष्पीभवनानं जात नाही, गाळणीत अडकत नाही. २०० ग्रॅमची एक गोळी १८,००० लिटरमध्ये लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन देते आणि ६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल. आठवड्याला दोन गोळ्या धरल्या तर दहा आठवड्यांत ते १२० वर जातं. चांगलं प्रमाण ३० ते ५०. आम्ल इतकं साठलं की क्लोरीन त्याला बांधलेला राहतो. ठोकताळा असा की मोकळा क्लोरीन सायन्युरिकच्या किमान साडेसात टक्के हवा. १२० ला तो ९ होतो, आणि ठेकेदाराचा माणूस ३ वर समाधानी होता. शिवाय पिवळ्या थेंबांची चाचणी घाम-लघवीशी जुळून निकामी झालेला क्लोरीनसुद्धा मोजते. गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी मोकळा क्लोरीन वेगळा दाखवते. दोन्ही संच बाजारात मिळतात, तेव्हा डीपीडीचाच घ्या.

यात मोठमोठे फसतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सूर मारण्याचा तलाव एका दिवसात हिरवागार झाला. स्पर्धेआधी त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं गेलं होतं आणि त्यानं क्लोरीनच निकामी केला होता. एक औषध दुसऱ्याला मारतं, हे आधी कुणी ध्यानात घेतलं नव्हतं.

सायन्युरिक आम्ल कमी करायचा खात्रीचा मार्ग एकच: पाणी बदलणं. १२० वरून ४० वर यायला एकदम काढलं तरी दोन तृतीयांश पाणी काढावं लागतं, म्हणजे १२,००० लिटर. मे महिन्यात, धारवाडात! टँकरवाल्याला फोन करताना शेजाऱ्यांकडे बघवत नाही. आम्ही थांबलो. मुलांना हौदाशी जाऊ दिलं नाही, डास होऊ नयेत म्हणून पंप चालू ठेवला, आणि मृगानंतर गच्चीचं पाणी वळवलं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १ सेंटीमीटर पाऊस पडला की सुमारे ९०० लिटर मिळतं. पहिला पाऊस वाहू द्यायचा; गच्चीची धूळ आणि पाला हे शेवाळाचं खाद्य. जुनं पाणी टप्प्याटप्प्यानंच काढायचं, कारण पावसाळ्यात भूजल वर येतं आणि रिकामा हौद खालच्या दाबानं तडकू शकतो. मोरचूद पडलेलं पाणी झाडांना घालू नका, ओढ्या-तळ्यातही सोडू नका. तांब्यानं मासे मरतात.

पावसाचं पाणी मऊ असतं, नुसतं तेच भरलं तर सिमेंटमधला चुना खातं. बोअरचं जड पाणी त्यात मिसळलं की दोघांचे दोष फिटतात. क्षारता ८० ते १२० च्या दरम्यान ठेवावी. कमी पडली तर १०,००० लिटरला १७० ग्रॅम खायचा सोडा ती १० नं वाढवतो. पीएच ७.२ ते ७.६ बरा. नव्या सिमेंटमधून काही महिने चुना सुटत राहतो आणि पीएच चढवतो, तेव्हा पहिल्या वर्षी रोज बघायला हवं.

हिरवं झालेलं पाणी निवळताना औषधापेक्षा ब्रश जास्त कामाचा. शिडीच्या मागे, सावलीच्या भिंतीवर, कोपऱ्यांत घासलंच पाहिजे, कारण शेवाळाच्या बुळबुळीत थराखाली क्लोरीन पोचत नाही. मग संध्याकाळी द्रव हायपोक्लोराइट घालायचं. १० टक्क्यांचं १.८ लिटर आमच्या हौदात १० मिलिग्रॅम देतं. रात्री मोजायचं, पहाटे ऊन पडायच्या आत पुन्हा मोजायचं. रातोरात १ पेक्षा जास्त घट झाली तर शेवाळ अजून जिवंत आहे, पाणी कितीही नितळ दिसो. पाणी दुधाळ झालं तर घाबरू नये, ते मेलेलं शेवाळ असतं. पंप चालू ठेवावा आणि वाळूची गाळणी उलट्या प्रवाहानं धुवावी.

केरळमधल्या मेंदू कुरतडणाऱ्या अमीबाच्या बातम्यांपासून लोक विचारतात, हौद बुजवावा का? बुजवू नका. तो अमीबा गोड्या पाण्यातून नाकावाटे शिरतो आणि मोकळा क्लोरीन नीट राखलेल्या पाण्यात तगत नाही. ज्या दिवशी मोजलं नाही, त्या दिवशी पोरांना उतरू देऊ नका.

ट्रायक्लोरच्या डब्यातला चमचा कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या डब्यात कधीही घालू नका, ते एकत्र आले की पेट घेतात. कुठल्याही क्लोरीनजवळ आम्लाची बाटली ठेवू नका, विषारी वायू सुटतो. आणि हौद बांधून देणाऱ्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारा: गोळीत काय आहे, आणि पाणी बदलायची वेळ आली तर ते आणायचं कुठून. उत्तर देता आलं नाही तर दुसरा माणूस बघा.