उघडी कामंही मोज, बयो

अगं, जिरा या टास्क-ट्रॅकरमधला डेटा आर या भाषेत आणून ‘आपल्या टीमचं काम किती दिवसांत मिटतं’ ते दाखवते, असं साहेबांना सांगून तू मोकळी झालीस. छान केलंस. दर शुक्रवारी बोर्डाचे स्क्रीनशॉट पीपीटीत चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण फोनवर तू एवढंच विचारलंस की पॅकेज कोणतं वापरू. पॅकेजवाचून काही अडत नाही गं. एचटीटीपीआर-टू आणि जेसनलाइट घे, झालं. आर फुकट आहे, तेव्हा लायसन्ससाठी कुणाच्या सहीची वाटही बघायला नको. अडतं ते दुसरीकडेच.

आधी ते सीएसव्ही एक्सपोर्टचं बटण सोड. क्लाउडवरच्या जिरात ते एका वेळी ठरावीकच कामं देतं. एका कामाचे तीन स्प्रिंट झाले असतील तर ‘स्प्रिंट’ नावाचे तीन कॉलम येतात, आणि आर त्यांना आपल्या मनानं वेगवेगळी नावं देऊन टाकतं. हे सगळं निस्तरता येतं. खरी पंचाईत ही की त्या फाइलीत कामाची आजची अवस्था असते, प्रवास नसतो. समज, एक टास्क सोमवारी इन प्रोग्रेसला गेला, बुधवारी रिव्ह्यूला, गुरुवारी परत इन प्रोग्रेसला, मग चार दिवस टेस्टिंगच्या रांगेत पडून राहिला आणि शेवटी डन झाला. सीएसव्हीत तुला दिसणार ‘डन’ आणि दोन तारखा. साहेबांना जे खरंच कळायला हवं ते मधल्या त्या चार दिवसांत आहे. त्या दिवसांत त्या कामाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

तो प्रवास एपीआयमधून मिळतो. कामं मागवताना चेंजलॉगही माग. मग प्रत्येक कामासोबत कोणत्या वेळी कोणती अवस्था बदलून कोणती झाली, याची यादी येते. त्या यादीची एक ओळ म्हणजे तुझ्या टेबलाची एक ओळ: कामाचा नंबर, आधीची अवस्था, नंतरची अवस्था, वेळ. बाकीची शंभर फील्डं आत्ता नकोत. स्टोरी पॉइंट्स हवेच असतील तर ते त्या नावानं येतच नाहीत. कस्टमफील्ड आणि पुढे पाच आकडी नंबर अशा वेषात येतात, आणि तो नंबर तुमच्याकडे कोणता आहे ते तुलाच शोधावं लागेल.

एपीआयचं टोकन मात्र स्क्रिप्टमध्ये लिहू नकोस हं. ते आरच्या एन्व्हायरन्मेंट फाइलीत ठेव आणि ती फाइल गिटवर चढवू नकोस. टोकन म्हणजे तुझा पासवर्डच, तुझ्या नावानं जे काही दिसतं ते सगळं त्यातून उघडतं.

डेटा पानापानानं येतो, हेही लक्षात ठेव. पहिल्याच पानावर थांबलीस तर एरर येणार नाही, चार्टसुद्धा झकास निघेल, फक्त खोटा निघेल. म्हणून आरमध्ये आलेल्या वेगवेगळ्या कामांची संख्या आणि तोच शोध जिरात केल्यावर दिसणारा आकडा जुळतो का, ते आधी बघ.

आता वेळेचं. आरचं लुब्रिडेट पॅकेज वेळ वाचतं आणि न सांगता यूटीसीत नेऊन ठेवतं. तुमचा रिलीज मंगळवारी रात्री एकला होतो ना? म्हणजे घड्याळाप्रमाणे बुधवार लागलेला असतो. यूटीसीत तेव्हा मंगळवारचे साडेसात वाजलेले असतात, संध्याकाळचे. रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत मिटलेलं प्रत्येक काम असं आदल्या दिवशी जाऊन बसतं. कुठलंही दिवसवार गणित करण्याआधी टाइमझोन एशिया-कोलकाता करून घे.

इथवरचं कुणीही सांगेल. मला खरं सांगायचंय ते पुढचं.

तू फक्त मिटलेल्या कामांची सरासरी काढणार, मला माहीतच आहे. सगळे तेच करतात. वधूवर सूचक मंडळात जाऊन, लग्न जमायला किती महिने लागतात हे फक्त जमलेल्यांनाच विचारावं, तसं आहे हे. ज्यांचे फॉर्म अजून फाइलीत आहेत ते मोजणीतच नाहीत. नऊ कामं धर. पाच मिटली: २, ३, ३, ४ आणि ८ दिवसांत. चार अजून उघडी आहेत, प्रत्येकाला वीस दिवस उलटून गेलेत. मिटलेल्यांची सरासरी ४ आणि मध्यक ३. साहेब खूश. पण नऊच्या नऊ धरलीस तर निम्म्याहून जास्त कामं मिटायला ८ दिवस गेले. तिनाचे आठ झाले बघ.

उघड्या कामांना किती दिवस लागणार ते आपल्याला ठाऊक नाही. पण निदान वीस तरी लागले, एवढं ठाऊक आहे, आणि ती माहिती फेकून द्यायची नसते. वैद्यकीय संशोधनात हा प्रश्न फार जुना आहे, कारण अभ्यास संपतो तेव्हा बरेच रुग्ण, देवाच्या कृपेनं, जिवंत असतात. कॅप्लन आणि मायर या दोघांनी १९५८ मध्ये त्यासाठी जी रीत मांडली, ती आरच्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये तयार आहे. प्रत्येक कामाला दोनच गोष्टी द्यायच्या: किती दिवस झाले, आणि मिटलं की नाही, १ किंवा ०. पॅकेज वक्र काढून देतं. रद्द केलेल्या कामांना मात्र ‘मिटलं’ म्हणू नकोस. काही टीममध्ये ती गुपचूप डनमध्ये सरकवलेली असतात, तेव्हा रिझोल्यूशनचं फील्ड एकदा तपासून घे.

आणि एक, हे कुणापुढे बोलू नकोस. असायनीचा कॉलम आरमध्ये आणूच नकोस. कुणाला किती दिवस लागले असा चार्ट एकदा स्क्रीनवर गेला की पुढच्या स्प्रिंटपासून लोक अवघड काम अंगावर घेत नाहीत, एका टास्कचे पाच तुकडे करतात, शुक्रवारी सगळं डन करून सोमवारी पुन्हा उघडतात. त्यानंतर तुझ्या डेटात कामाचं काही उरत नाही, स्वतःला वाचवायची धडपड तेवढी दिसते. शिवाय सगळ्यात किचकट बग ज्या मुलीकडे जातात, तीच चार्टमध्ये सगळ्यात सुस्त दिसते. तुमच्याकडे ती कोण आहे, ते तुला माहीत आहे.

साहेब नावं मागतीलच. तेव्हा वाद घालू नकोस, अवस्थांचा चार्ट पुढे कर: काम कुठे किती दिवस थांबतं. टेस्टिंगच्या रांगेत चार-चार दिवस जात असतील तर तो प्रश्न एका माणसाचा नाही, आणि टेस्टिंगला माणूस वाढवून देणं साहेबांच्याच हातात आहे. मीटिंगच्या आदल्या दिवशी तो चार्ट टीमला दाखवून घे. कोणती तारीख का विचित्र दिसते, ते त्यांच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही.