खाली उतरलेला संघ

माटुंग्याला फाइव्ह गार्डनच्या परिसरात संध्याकाळी तुम्ही गेलात, तर क्रिकेटच्या गप्पा हमखास ऐकू येतील. पण थोडे थांबा. एखाद्या बाकावर तुम्हांला फुटबॉलचे जुने शौकीनही भेटतील. 'शौकीन' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे ना? 'मैदान'ही तसाच. उर्दूत आणि मराठीत तो सारखाच चालतो.

"काय ती रोव्हर्स स्पर्धा!" बाकावरचे एक आजोबा म्हणतात. "माटुंगा रोडला गाडीत बसायचे, चर्चगेटला उतरायचे आणि कूपरेजच्या मैदानापर्यंत झपझप चालत जायचे."

रोव्हर्स चषक ही मुंबईची जुनी स्पर्धा. चषक म्हणजे प्याला. ही स्पर्धा 1891 साली सुरू झाली. पुष्कळ वर्षे तो प्याला गोऱ्या पलटणींच्याच हाती होता. 1923 मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण हरला. अखेर 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. 1940 मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने याच बंगलोरच्या संघाला हरवून चषक नेला. नंतर आले हैदराबाद सिटी पोलीस. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे त्यांनी चषक दुसऱ्या कोणाला मिळू दिला नाही! त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते. त्यांच्याच हाताखाली 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या वेळी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा आपल्या मुंबईत खेळणारा होता. आजोबांनी यातले बरेचसे वडिलांकडून ऐकलेले आहे. पण सांगताना ते असे सांगतात, की जणू स्वतःच मैदानात होते.

2000-01 च्या हंगामानंतर रोव्हर्स स्पर्धा बंद पडली.

चषकाची आठवण गोड असते, याचे एक कारण आहे. तेथे एक सामना हरला की संघ घरी जातो आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लीगचे तसे नाही. लीगमध्ये प्रत्येक संघाला प्रत्येकाशी खेळावे लागते. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. हंगाम संपला की गुणांची यादी लागते. जो तळाला राहतो, तो खालच्या विभागात उतरतो आणि खालचा विजेता वर चढतो. वर्गात नापास झालेला मुलगा निदान त्याच वर्गात बसतो. येथे तर संघाला खालच्या वर्गात पाठवतात! म्हणून तळाच्या दोन संघांचा सामना कधी कधी विजेतेपदाच्या सामन्यापेक्षाही चुरशीचा होतो.

मुंबईकरांनी हे दुःख 2017 मध्ये पाहिले. मुंबई एफसी हा संघ 2007 साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या विभागातून आय-लीगमध्ये चढला. खालिद जमील हे 2009 पासून 2016 पर्यंत त्याचे प्रशिक्षक होते. संघात फार मोठी नावे नव्हती, पण त्यांच्या काळात तो एकदाही खाली उतरला नाही. 2016 मध्ये जमील मुंबई सोडून दूर मिझोरामच्या ऐजॉल संघाकडे गेले. हा संघ नुकताच खाली उतरला होता. गोव्याच्या काही संघांनी माघार घेतली, म्हणून त्याला पुन्हा वर जागा मिळाली. आणि काय आश्चर्य! 2016-17 च्या त्या हंगामात ऐजॉल पहिला आला. ईशान्य भारतातील संघ देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्याच यादीत दहा संघांमध्ये दहावे नाव होते मुंबई एफसीचे. पुढे 2025 मध्ये जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबई एफसी मात्र त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धांत दिसली नाही.

"उतरण्याचे मला काही वाटत नाही," बाकावरचे दुसरे गृहस्थ म्हणतात. "उतरलेला चढतोही. आमचा महिंद्र कुठे उतरला होता?"

त्यांचे म्हणणे खरे आहे. महिंद्र युनायटेड हा संघ 2005-06 मध्ये देशाचा विजेता होता. 2008 मध्ये त्याने ड्युरँड चषक जिंकला. तरी 2010 मध्ये तो बंद झाला. मुंबईचे पुष्कळ नामवंत संघ कंपन्यांचे होते. टाटा, मफतलाल, ओर्के मिल ही त्यांतली काही नावे. खेळाडू तेथे नोकरीही करत. पण असा संघ चालवायचा की थांबवायचा, हे गुणांच्या यादीवर ठरत नसे. ते कचेरीत ठरे. मला वाटते, शौकिनांना जास्त टोचते ते हेच.

बाकावरचा एक तरुण मात्र मान हलवतो. त्याचा संघ मुंबई सिटी. 2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये पहिल्या दहा वर्षांत कोणालाही खाली उतरवले गेले नाही. "मग शेवटच्या महिन्यात तळाचे संघ खेळतात तरी कशासाठी?" आजोबा विचारतात. तरुण म्हणतो, "पण आजोबा, त्यामुळे संघ टिकतात ना!" यावर बराच वेळ वाद चालतो.

तुम्हांला चढउतार प्रत्यक्ष पाहायची असेल, तर मुंबईच्या जिल्हा लीगचे सामने पाहा. त्यांतले बरेच बांद्र्याला नेव्हिल डिसोझा यांच्या नावाच्या मैदानावर होतात. माटुंगा रोडहून बांद्रा दुसरेच स्थानक आहे.