वासना रंगमंचावर, रहस्य पडद्यावर

प्रश्न : सिंहली भाषेत १९८०-९०च्या सुमारास वासना आणि खून एकत्र गुंफलेले थरारपट निघाले, असं ऐकलं. मराठीत तसं का झालं नाही? – एक वाचक, कुपवाड

उत्तर : झालं, पण पडद्यावर नाही. ते पाहायला आपल्याला नाटकाकडे जावं लागतं आणि सांगलीकडच्या माणसाला त्याचं नवल वाटू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते तुमच्या शेजारीच.

विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) आठवा. नवऱ्यांनी टाकलेल्या किंवा नवऱ्याला सोडून आलेल्या बायका घरात ठेवणारा सखाराम, लक्ष्मी आणि चंपा. शरीराची भूक, संशय, चहाडी आणि शेवटी चंपाचा खून. थरारपटाला आणखी काय लागतं? निळू फुले आणि लालन सारंग यांनी ते उभं केलं. परिनिरीक्षण मंडळाने अडवलं, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. ही लढाई मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

सिनेमावाल्यांना असं धाडस परवडणारं नव्हतं. मराठी चित्रपट चालायचा तो बायका-मुलांसह येणाऱ्या प्रेक्षकांवर, जत्रेतल्या तंबूतसुद्धा. ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का बसला की निम्मी तिकिटं गेली. १९७५पासून राज्य सरकार मराठी निर्मात्याला करमणूक कराचा परतावा देऊ लागलं. तिकिटं कमी खपली तर तोही कमीच. म्हणून आपले रहस्यपट घरंदाज राहिले. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) घ्या, ज्यावरून राज खोसलांनी ‘मेरा साया’ केला. मेलेल्या बायकोसारखी हुबेहूब दिसणारी स्त्री ‘मीच ती’ म्हणते, आणि नवरा-बायकोतल्या खासगी गोष्टी पुरावा म्हणून पुढे येतात. शयनगृह आहे, पण फक्त बोलण्यात. मला ही युक्ती फार हुशारीची वाटते. पुढे ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) नायिकेच्या मनातल्या भीतीवर उभा राहिला, तर चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘बिनधास्त’मध्ये (१९९९) पुरुष जवळपास दिसतच नाहीत.

सिंहलीतही सगळाच माल सवंग नव्हता. वसंत ओबेसेकर यांचा ‘दडयम’ (१९८३) श्रीलंकेत खरोखर घडलेल्या एका खुनावर बेतलेला आहे. पुरुष प्रेमाचं नाटक करून तरुणीला नादी लावतो, ती हक्क मागू लागते तेव्हा तिच्या जिवावर उठतो. स्वर्णा मल्लवारच्चि यांनी त्या तरुणीला बिचारी होऊ दिलेलं नाही. ती भांडते, पाठ सोडत नाही. ‘सखाराम’ वाचून मग हा चित्रपट पाहा. चंपा आणि ती, दोघी एकमेकींना सहज ओळखतील.