धक्क्यावर न हलणारी होडी

बंदरात लागलेल्या दोन होड्यांपैकी एक घ्यायची झाली की बहुतेक जण दोन्हींवर चढतात, कडेला उभे राहतात आणि जी कमी कलते तिच्या बाजूने कौल देतात. माझ्या मते खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी ही परीक्षा पुरेशी नाहीच, वर ती पुष्कळदा फसवते. रुंद आणि सपाट तळाची होडी धक्क्यापाशी हलत नाही, कारण ती पाण्याच्या पृष्ठभागाला घट्ट धरून असते. समुद्रात हा पृष्ठभागच तिरका होतो. तेव्हा तीच होडी लाटेच्या उताराबरोबर चटकन कलते, तितक्याच झटक्याने सरळ होते आणि जाळे ओढणाऱ्या खलाशाचा पाय सुटतो. समोरून लाट आली तर सपाट तळ पाण्यावर आपटतो. एखाद्या आपट्याने काही होत नाही. पण रात्रभर तेच चालले की इंजिनाचे बोल्ट सैल होतात, फळ्यांच्या किंवा फायबरच्या सांध्यांना भेगा जातात आणि तांडेल नाइलाजाने वेग निम्म्यावर आणतो. निमुळत्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, आणि पुढच्या भागात इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तळाची होडी धक्क्यावर जरा डुलते खरी, पण लाटेत शिरताना पाणी दोन्ही बाजूंना सारत जाते. एवढ्या डुलण्यावरून तिला नापास करू नये.

आदिलाबादजवळच्या तलमडुगुसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावातला माणूस यावर लगेच हरकत घेईल. तामसीजवळच्या मत्तडीवागू प्रकल्पासारख्या जलाशयांवर किंवा तेलंगणातल्या गावतळ्यांवर लोक थर्माकोलच्या सपाट तराफ्यावर बसून जाळे टाकतात, आणि त्यांचे काम बिनबोभाट होते. मग सपाट तळात वाईट काय? तळ्यासाठी काहीच वाईट नाही. तिथे तोच योग्य. तळ्यात वाऱ्याला धावायला जागा कमी, म्हणून लाट लहान. अरबी समुद्रात वारा कैक मैल अडथळ्याविना वाहतो आणि लाटेची उंचीही वाढते, लांबीही. तळ्यावर खरी ठरलेली समजूत समुद्रावर नेली की घोटाळा होतो. आणि किनाऱ्यावर राहणाराही या चुकीतून सुटत नाही, कारण तो होडी बघतो ती खाडीच्या शांत पाण्यात.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे आणि ती अनुभवी नाखव्यांकडून येते. मासेमारीची होडी धावते कमी, थांबते जास्त. डोल लावून भरती-ओहोटीची वाट पाहणारी किंवा गिलनेट टाकून वाहत राहणारी होडी तासन् तास धावतच नसते. त्या वेळी खोल व्ही तळाचा फायदा शून्य आणि डुलण्याचा त्रास पुरा. हे मला मान्य आहे. म्हणूनच तळाशी चांगला वीस अंशांचा कोन पाहून भाळू नये. तसा तळ वेगाने जाणाऱ्या, बाहेरून इंजिन लावलेल्या हलक्या होडीला शोभतो. संथ चालीच्या मोठ्या होडीला निमुळती नाळ, गोलसर पोट आणि नाळेपासून मागपर्यंत सरळ गेलेला पठाण, म्हणजे तळाचा कणा, हवा. पठाण डुलणे आवरतो आणि आडव्या वाऱ्यात दिशा धरून ठेवतो. दोन होड्यांतली निवड त्यामुळे आधी कामावरून ठरते: किती वेळ धावणार, किती वेळ थांबणार, जाळे कोणत्या बाजूने ओढणार.

तळाच्या आकाराइतकेच महत्त्व वजन कुठे आहे याला आहे, आणि इथे खरेदीदार सर्वांत जास्त चुकतात. कापसाने उंच भरलेली बैलगाडी वळणावर कशी झुकते हे आदिलाबादकडच्या माणसाला सांगायला नको. होडीचे गणितही तेच. केबिनवर पाण्याची टाकी, टपावर डिझेलचे पिंप, डेकवर ओल्या जाळ्यांचा ढीग, वर मोठा विंच, असे एकेक चढत गेले की मूळची उत्तम होडीही धोकादायक होते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आखलेली आणि 2016 मध्ये पाण्यात उतरलेली ‘सागर हरिता’ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिचा तळ पोलादी आहे, तर केबिन आणि सुकाणूघर फायबरचे: वरचा भाग हलका, खालचा जड. लाकडी होडीवरून साचा काढून अख्खी फायबरची केलेली होडी मात्र जपून पाहावी. लाकडाचे वजन गेले की तीच आकृती पाण्यात वर तरंगते आणि इंजिन, बर्फ व टाक्या यांची जागा नव्याने ठरवावी लागते.

वजनाची परीक्षा घेण्याची एक सोपी, जुनी रीत आहे. शांत पाण्यात दोर ढिले सोडून माणसांनी होडीला लय धरून डोलवायचे, मग सोडून द्यायचे आणि दहा झोके मोजायचे. एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन परत आले की एक झोका. एकूण वेळेला दहाने भागावे. चार मीटर रुंदीच्या होडीला एका झोक्यासाठी चार सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तर वजन वर चढलेले असल्याची ढोबळ मानाने शंका घ्यावी. फार कमी लागत असेल तर होडी झटके देणारी आहे. हेच मोजमाप रिकाम्या होडीवर आणि मग बर्फ, डिझेल, पाणी, जाळी चढवून असे दोनदा करावे. दोन आकड्यांतला फरक विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतो. मासळीच्या खणात होडीच्या लांबीच्या दिशेने उभ्या फळ्या आहेत का, तेही पाहावे. त्या नसतील तर बर्फ वितळून झालेले पाणी आणि सैल मासळी कलत्या बाजूला धावते आणि कल वाढवते.

महाराष्ट्रात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. त्या वेळी तळ, पठाण, सांधे सगळे उघडे दिसते, पण चाल दिसत नाही. नारळी पौर्णिमेनंतर चाल दिसते, पण तळ पाण्याखाली. म्हणून मी दोन भेटी सुचवीन: पावसाळ्यात तळ पाहून इसार द्यावा आणि पूर्ण रक्कम समुद्रावरच्या फेरीनंतर. फेरीही अशा दिवशी घ्यावी जेव्हा थोडी लाट असेल, आणि होडी समोरून, आडवी व पाठीमागून येणाऱ्या लाटेवर, अशी तीनही प्रकारे चालवून पाहावी. पाठीमागची लाट सगळ्यात जास्त सांगते: सुकाणू ऐकते की नाळ एकीकडे ओढ घेते, हे तिथेच कळते.

राहिली खाड्यांची गोष्ट. कोकणातल्या कितीतरी खाड्यांची मुखे गाळाने उथळ झाली आहेत. खोल पठाणाची होडी ओहोटीला अडकते, म्हणून उथळच घ्यावी, असे काही जण म्हणतात. ज्याला रोज खाडीतून ये-जा करायची आहे आणि किनाऱ्यालगतच मासे पकडायचे आहेत, त्याने तशीच घ्यावी. पण लांब पल्ल्याला जाणाऱ्याने खाडीमुखासाठी समुद्राची चाल गमावू नये. हर्णैला मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगरतात आणि मासळी लहान होड्यांतून किनाऱ्यावर येते. ज्याला ही सोय करता येत नाही त्याने भरतीची वेळ पाहून आत यावे, आणि बंदरात दोन तास थांबावे लागले तर ते खर्चात धरावेत.