बारावीनंतरचे प्रवेश : पसंतीक्रम, दाखले आणि कॉलेजची निवड

बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "किती टक्के पडले?" त्या टक्क्यांवर प्रवेश कोठे आणि कोणत्या नियमाने मिळतो, हा पुढचा प्रश्न मात्र फार थोडे पालक विचारतात. ज्यांच्या घरी दोन पिढ्या शिकल्या, त्यांच्या मुलांच्या कानावर हे नियम जेवता-बसता पडतात. आपल्यातील पुष्कळ मुले आजही घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढत आहेत. त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्याला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. तेथे वर्गखोल्यांच्या जोडीला वसतिगृहेही उभी राहिली, कारण खेड्यातील मुलाला नुसता प्रवेश देऊन भागत नाही. आज परिस्थिती पालटली आहे. धाराशिवला अभियांत्रिकी कॉलेज आहे, आयुर्वेद महाविद्यालय आहे, विद्यापीठाचा उपपरिसर आहे आणि २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आता मुले अडतात ती बहुधा नियमांच्या अज्ञानापायी.

प्रथम पसंतीक्रमाविषयी. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत केंद्रीभूत पद्धतीने होतात. गुणवत्ता यादीतील पहिल्या उमेदवारापासून सुरुवात करून प्रत्येकाचा पसंतीक्रम वरून खाली तपासला जातो, आणि जेथे जागा शिल्लक आढळते ती त्याला मिळते. समजा, कळंबच्या एका मुलीने पहिल्या क्रमांकावर पुण्याचे सीओईपी, दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी आणि तिसऱ्यावर धाराशिवचे कॉलेज लिहिले. सीओईपी तिच्या गुणांच्या पलीकडे असेल, तर तिचा विचार लगेच दुसऱ्या क्रमांकासाठी होतो. वरचे कॉलेज लिहिले म्हणून खालचे हातचे जात नाही. "मोठे नाव लिहून नंबर वाया कशाला घालवायचा" असे सांगणारे सल्लागार गावोगावी भेटतात. हा समज साफ चुकीचा आहे. जे खरोखर हवे तेच वर लिहावे. मात्र पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते व पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून पहिला क्रमांक कोणाच्या भिडेखातर लिहू नये. पुढील फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचावेत.

आणखी एक गैरसमज. राखीव प्रवर्गातील उमेदवार फक्त राखीव जागेवरच बसतो, असे कित्येकांना वाटते. प्रत्यक्षात गुणवत्तेवर त्याचा विचार आधी खुल्या जागेसाठी होतो आणि तेथे न बसल्यास अनुसूचित जातीच्या १३ टक्के जागांसाठी होतो. त्यामुळे मागील वर्षीचा कटऑफ पाहताना दोन्ही रकाने पाहावेत.

आता सर्वांत महत्त्वाची, पण फार कमी पालकांना ठाऊक असलेली गोष्ट. अभियांत्रिकीच्या बऱ्याच खाजगी कॉलेजांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील उमेदवारांसाठी असतात व ३० टक्के बाहेरच्यांसाठी. आणि हे क्षेत्र ठरते ते बारावी कोठून केली त्यावरून, राहत्या गावावरून नव्हे. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ मुले अकरावी-बारावीला लातूर गाठतात. लातूर पॅटर्नचा लौकिक मोठा आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु धाराशिवचा मुलगा लातूरहून बारावी झाला की तो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या क्षेत्रातला ठरतो. सोलापूरला शिकला तर सोलापूर विद्यापीठाच्या, पुण्याला शिकला तर पुण्याच्या. म्हणजे पुढे ज्या भागातील कॉलेज हवे त्याचा निम्मा निर्णय दहावीनंतरच्या जून महिन्यातच होऊन जातो, आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो. वैद्यकीय प्रवेशातही असाच ७०-३० चा विभागीय नियम होता. मराठवाड्यात वैद्यकीय कॉलेजे कमी असल्याने त्याचा जाच आपल्याच मुलांना होत असे. तो २०२० साली रद्द झाला व आता राज्याची एकच यादी नीटच्या गुणांवर लागते.

दाखल्यांच्या बाबतीत आपल्या समाजाची अडचण थोडी निराळी आहे. धर्मांतरित बौद्धांना महाराष्ट्रात सवलती आधीपासून होत्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. म्हणून आयआयटी किंवा केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढून ठेवावा. राज्यातील व्यावसायिक प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे शोधावे लागतात. पुष्कळांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते "बौद्ध" असते. अशा वेळी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा किंवा महसुलाचा उतारा काढून वंशावळ जोडावी लागते. आपला मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने जुन्या नोंदी उर्दू वा मोडीत सापडतात व त्या वाचून घेण्यातच महिने जातात. मुलगा अकरावीत गेला की हे काम हाती घ्यावे. शासन कधी मुदतवाढ देते, परंतु तिच्या भरवशावर राहणे म्हणजे वैरण नसताना बैल विकत घेण्यासारखे आहे.

राहिला प्रश्न योग्य कॉलेज कोणते. नावापेक्षा मूल तेथे टिकेल काय, हे आम्ही आधी पाहू. शासकीय वसतिगृह जवळ आहे का? ते न मिळाल्यास २०१६-१७ पासूनच्या स्वाधार योजनेतून भोजन व निवासासाठी रक्कम मिळू शकते. शिष्यवृत्तीस पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळीच पूर्ण फी मागितली जाते काय? संस्थास्तरीय जागेवर शिष्यवृत्ती लागू होत नाही, हेही ध्यानी असू द्यावे. एजंटाच्या बोलण्याला भुलून अशी जागा घेतली तर शेत गहाण पडायला वेळ लागत नाही. आपल्या मुलांना तेथे कसे वागवले जाते, हेही विचारावे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला, तेव्हा नामांकित संस्थेतही हा प्रश्न असतो हे देशाला दिसले. याची खरी माहिती देतील ती तेथे शिकत असलेली आपली मुले. माहितीपत्रकातील रंगीत चित्रांवरून ते कळणार नाही.

आणि जवळचे म्हणून हलके समजू नये. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आपल्याच तुळजापुरात १९८६ पासून आहे. देशभरातून मुले तेथे ग्रामीण विकास शिकायला येतात. आपल्या तालुक्यातील कित्येक पदवीधरांनी ते फाटक फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिले आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी एकदा तेथे उतरून प्रवेश परीक्षेची चौकशी करून यावी.