गावाकडचं घर, चौथ्या मजल्यावर

वाई

चि. गौरीस,


तुझे फोटो मिळाले. विटांची भिंत, कंदील, बैलगाडीचं चाक, घोंगडी, भिंतभर वारली चित्रं. फ्लॅट बाणेरला आणि हौस माणदेशातली! हौसेला माझी ना नाही. तू विचारलंस, ‘आत्या, काय काय घेऊ?’ त्याआधी मला सांग, यातल्या कशाकशाची चाकरी करायची तुझी तयारी आहे?

गावाकडच्या घराला जी ऊब असायची ती कुणाच्या तरी हातांची असायची. आपल्या जुन्या घरात चार-आठ दिवसांनी जमीन सारवली जायची, पावसाआधी कौलं परतली जायची, दिवाळीच्या तोंडावर चुना काढला जायचा. शिवाय घर अंधारं होतं, आणि चुलीच्या धुराने आजीचे डोळे कायम लाल असत. हे कुणी फोटोत दाखवत नाही. त्यामुळे त्या घरातलं सगळं आणायचं नाही. जेवढ्याची निगा तुम्ही दोघं नोकऱ्या सांभाळून राखाल, तेवढंच आणायचं.

सुरुवात दिव्यांपासून कर, कारण त्यांची चाकरी शून्य. तुमच्या हॉलमध्ये छताला जे पांढरेशुभ्र दिवे आहेत, त्यांच्या खोक्यावर बहुधा ६५०० केल्विन लिहिलेलं असेल. तो दवाखान्याचा उजेड. २७०० केल्विनचे पिवळसर बल्ब आण, आणि मुख्य म्हणजे उजेड खाली उतरव. समई, कंदील, चिमणी हे सगळे बसलेल्या माणसाच्या आसपास जळायचे, डोक्यावर नाही. एक दिवा बैठकीच्या कोपऱ्यात, एक पुस्तकांपाशी, एक जेवणाच्या टेबलावर जरा खाली सोडलेला. ओट्यावर मात्र लख्ख उजेड ठेव, भाजी चिरताना बोट कापून घेऊ नकोस.

बैठकही खाली आण. गादी, लोड, तक्के पुरे. पण तुझ्या सासूबाईंचे गुडघे लक्षात ठेवून हातांची एक उंच खुर्ची असू दे.

घोंगडी घ्यायची तर खरी घे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. ती सुरुवातीला टोचते. टोचते म्हणून परत करू नकोस. खळ उतरली, वापर झाला की मऊ पडते. मशीनमध्ये टाकायची नाही. कडक उन्हात पसरायची, झटकायची आणि पावसाळ्याआधी पाहायची, कारण लोकरीला कसर लागते. भिंतीवर टांगून ठेवलीस तर वर्षभरात जाळी होईल. रोज अंगाखाली असली तर टिकेल. गोधडीचं तेच. तुझ्या आईकडे सुती लुगडी आणि जुनी धोतरं पडून आहेत, ती माग. आमच्या आळीत अजून शिवणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडून मी शिवून घेते. त्यांना मजुरी नीट दे. एका गोधडीत किती टाके असतात ते शिवायला बसलं की कळतं. गोधडीत सिंथेटिक साडी मात्र घालू नकोस, घाम शोषत नाही. आणि आत्ताच सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ठेव की गच्चीची किल्ली मिळते का. ऊन नाही तर गोधडी नाही.

आता त्या विटांच्या भिंतीबद्दल. लॉरी बेकर हे इंग्लंडात जन्मलेले आणि केरळात स्थिरावलेले वास्तुविशारद. त्यांनी उघड्या विटांची घरं बांधली ती शोभेसाठी नव्हे. विटा आजूबाजूलाच मिळत, गिलाव्याचा खर्च वाचे, आणि विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली की विटाही कमी लागत, घरही थंड राही. ती वीट घर पेलते. तुझ्या फोटोतली वीट म्हणजे काँक्रीटच्या भिंतीवर चिकटवलेला बोटभर जाडीचा तुकडा, ज्याच्या सांध्यासांध्यात बाणेरची धूळ बसणार. माझं मत विचारशील तर नको. मातकट रंग दे, झालं. चुना काढायचा हट्टही नको. आधीच्या प्लास्टिक रंगावर चुना धरत नाही, पोपडे येतात.

लाकूड घ्यायचं तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार. घडवंची, फडताळ, पाट, जे वापरात येईल ते. वस्तू उलटी करून बघ. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला की भुंगा आत आहे, कितीही स्वस्त असलं तरी निघून ये. चांगल्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाचं तेल पूस. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात मात्र टाकू नकोस, तो आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून मग टाक. बैलगाडीच्या चाकाचं तू काय करणार आहेस ते मला अजून कळलेलं नाही.

तांब्यासाठी कसब्यातली तांबट आळी आहे. तिथे मठारकाम होतं. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि त्यावर ते चमकदार ठिपके उमटतात. एक घंगाळ किंवा पाण्याचा हंडा घे, चिंचेने घास. घासायचा कंटाळा असेल तर काळं पडलेलं तांबं आवडून घे, नाही तर घेऊच नकोस.

वारलीचं स्टिकर बाथरूममध्ये लावायचा विचार कृपा करून सोड. वारल्यांच्या लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते. चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच चित्रांना लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणल्याबद्दल. डहाणू-जव्हारकडच्या एखाद्या चित्रकाराचं सही केलेलं एकच छोटं चित्र घे आणि बाकीची भिंत मोकळी सोड.

काहीही घेण्याआधी दोघं मिळून राजा केळकर संग्रहालय बघून या. दिनकर केळकरांचं चष्म्यांचं दुकान होतं, कविता लिहायचे, आणि आयुष्यभर त्यांनी दिवे, अडकित्ते, दारं, भांडी गोळा केली. संग्रहाला नाव दिलं लहानपणी गेलेल्या मुलाचं. तिथला अडकित्ता बघ. मोर कितीही सुरेख कोरलेला असो, त्याने सुपारी कातरली जायची. तुझ्या यादीतल्या प्रत्येक वस्तूला तो प्रश्न विचार: तू काय कातरतेस? उत्तर नसेल तर खोड.

सध्या फक्त दिवे बदल. बांबूच्या टोपल्या आणि सुपं पावसाळा संपल्यावर घ्या, आत्ता घेतल्या तर बुरशी येईल. आणि गोधडीसाठी पलंगाचं माप कळव, शिवणारी बाई विचारत होती.

तुझी,
आत्या